पस्तीस हजारांश

हाल्वर ब्रेक्के नळीत माप सरकवतो.
त्याआधी त्याने बंदूक दोनदा उघडून पाहिली,
रिकामी आहे हे मी सांगितलेलं असूनही.
जिथे माप अडतं तिथे तो अंगठ्याचं नख टेकवतो
आणि म्हणतो, "फुल चोक. पस्तीस हजारांश."

म्हणजे प्रत्येक बाजूला चार-चार कागद.
एवढ्याशा अडचणीने छर्ऱ्यांचा थवा
चाळीस यार्डांपर्यंत एकमेकांना धरून राहतो
आणि आकाशातला रानहंस
आमच्या मक्याच्या कापलेल्या शेतात येऊन पडतो.
बाबांची बंदूक त्यासाठीच होती.

पण थोरा तेरा वर्षांची झाली,
येत्या शनिवारी तिचं पहिलं हरीण.
हरणाला स्लग लागतो, शिशाचा अख्खा एक तुकडा,
आणि नवी नळी घ्यायला या वर्षी दुधाला भाव नाही.

"यातून जाईल का?"

"जातो. बहुतेक वेळा जातो.
शिसं मऊ. मागून पोकळ.
अंगावर या धारा दिसतात ना,
त्या चुरगळण्यासाठीच असतात, शोभेला नाहीत.
पण खोक्यावर लिहिलंय, मोकळी नळी वापरा,
आणि खोकं छापणाऱ्यांनी
माझ्यापेक्षा जास्त फुटलेल्या नळ्या पाहिल्यात.
बहुतेक वेळा, हे उत्तर
मी तेरा वर्षांच्या गालाशेजारी ठेवणार नाही."

मग तो नळी खिडकीकडे धरतो.
बाहेर डेकोरात नोव्हेंबरचं पातळ ऊन,
रस्त्यावर कोणाचा तरी पिकअप, मागे ओले कुत्रे.
एक डोळा मिटून तो बराच वेळ आत बघतो.
मला नळी देतो. "तोंडापासून दोन बोटं मागे. काय दिसतं?"

गुळगुळीत प्रकाश, आत आत जाणारा,
आणि एके जागी सावलीचं कडं.
बाहेरून बोट फिरवलं तर
लागतं न लागतं, एवढा फुगवटा.

"कोणीतरी घातलाय यातून," हाल्वर म्हणतो.
"एकदाच, बहुधा. थंडीत. नळीत बर्फही असेल."

बाबा तर म्हणायचे, या बंदुकीत स्लग कधीच नाही.
जेवताना म्हणायचे, तेल लावताना म्हणायचे,
न विचारता म्हणायचे.

मी नऊ वर्षांची होते. ब्लाक्केन,
आमचा पिवळट घोडा, तळ्याच्या काठी घसरला
आणि त्याचा पुढचा पाय नको त्या बाजूला वळला.
आईने मला चुलीपाशी बसवून
लोकरीचा गुंडा करायला दिला, आधीच केलेला गुंडा.
शेजारी सहा मैलांवर. व्हेटरनरी डॉक्टरची गाडी बर्फात.
एक बार झाला.
बाबा आत आले, हात धुतले, पुन्हा धुतले,
आणि बटाट्यांत मीठ कमी आहे म्हणाले.

छर्ऱ्यांनी ते काम नीट झालं नसतं.
एवढंच त्यांना माहीत असणार, आणि हेही,
की नळी फुटली तर
चेहरा त्यांचाच असणार तिच्यामागे.
तरी गाल लाकडाला लावून उभे राहिले असतील ते,
घोडा त्यांच्याकडे बघत असताना.

हाल्वर वाट बघत नाही, कानशीने काहीतरी घासत बसतो.
मग म्हणतो, "चार इंच कापून टाकतो.
चोकही जाईल, फुगवटाही जाईल.
उरलेली नळी आधी मी दोरीने बांधून, लांबून झाडून बघेन.
स्लग मग आरामात जाईल.
हंस मात्र पडणार नाहीत आता हिने."

"काप," मी म्हणते. माझा आवाज
मधेच कुठेतरी अडतो, मग निघतो.

करवतीला फार वेळ लागला नाही.
कापलेला तुकडा त्याने भंगाराच्या डब्याकडे नेला, थांबला,
आणि न विचारता माझ्यासमोर काउंटरवर ठेवला.
अजून गरम होता.
कोटाच्या खिशात घातला. गाडीत थोराने विचारलं,
"काय म्हणाले? चालेल?"

"शनिवारी चालेल," मी म्हटलं.
आणि तळ्यापाशी आल्यावर गाडी हळू केली,
कारण रस्ता निसरडा होता,
आणि तिला घोड्याचं सांगायचं होतं.